कॉलेज मुंबईला, मासिक केंदळला

१९०३ साली नगर जिल्ह्याशी नातं असलेल्या दोन गोष्टी घडल्या. पारनेरच्या पांडुरंग महादेव बापट या तरुणाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए.ची पदवी घेतली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो एडिंबरोला गेला, तिथून बॉम्बची कृती शिकायला पॅरिसला पोचला आणि मुळशीच्या लढ्यात सगळा महाराष्ट्र त्याला सेनापती म्हणू लागला. त्याच वर्षी राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावी हेन्री डोरिंग नावाच्या जर्मन पाद्रीने ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. सेनापती बापटांची कथा पारनेरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ‘निरोप्या’ची कथा मात्र चर्चच्या आवाराबाहेर क्वचितच पोचली. मासिक तर टिकलं आहे. कॅथलिक मराठी घरांत शंभर वर्षांहून अधिक काळ ते येत राहिलं.

डोरिंग जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे. या संघाचं नाव जगभर कॉलेजांशी जोडलेलं. मुंबईत त्यांचं सेंट झेवियर्स कॉलेज तेव्हा चौतीस वर्षांचं होतं. अशा संघाचा माणूस ज्वारी-बाजरीच्या मुलखात, जिथे वाचणारे मोजके, तिथे मासिक का काढतो? याचं उत्तर शोधायचं तर साडेतीनशे वर्षं मागं, गोव्याला जावं लागतं. कारण महाराष्ट्रात आणि कोकणात जेझुइटांची विद्या दोन वाटांनी चालली. एक वाट कॉलेजची, ती आधी लॅटिनमधून आणि मग इंग्रजीतून गेली. दुसरी मराठीची; तिला कॉलेज कधी मिळालंच नाही.

येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. आठच वर्षांत, १५४८ला, सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी पहिलं कॉलेज उघडलं, आणि शतक सरायच्या आत युरोपभर त्यांच्या कॉलेजांचं जाळं पसरलं. १५९९ साली या सगळ्यांसाठी एकच अभ्यासक्रम ठरला, ‘रातिओ स्तुदिओरुम’. आधी व्याकरण, मग काव्य-साहित्य, मग वक्तृत्व. त्यानंतर तर्क, निसर्गविज्ञान आणि तत्त्वज्ञान. आणि पाद्री व्हायचं असेल त्याला शेवटी धर्मशास्त्र. क्रम मोडायचा नाही. ज्याला वाक्य नीट उलगडता येत नाही त्याला देवाबद्दल बोलू द्यायचं नाही, असा त्यामागचा हिशेब.

वर्गही ठराविक साच्याचा. शिक्षक आधी उतारा मोठ्याने वाचे, त्याचा अर्थ सांगे, मग एकेक शब्द सोडवून दाखवी. मुलांचे दोन तट पाडलेले असत, एक रोम आणि दुसरा कार्थेज. प्रत्येक मुलाला समोरच्या तटातला एक जोडीदार नेमून दिलेला, त्याने चूक केली की यानं ती पकडायची. आठवड्याचा शेवट उजळणीने आणि वादाने व्हायचा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तर वादाशिवाय पुढं सरकताच येत नसे: विद्यार्थ्याने काही विधानं मांडायची, इतरांनी त्यांवर हल्ला चढवायचा, आणि त्याने भर सभेत ती राखून दाखवायची. काशी-पैठणच्या शास्त्रार्थाशी परिचित असलेल्या माणसाला यात नवल वाटलं नसतं.

हाच साचा जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात आला. ही संस्था १५४०च्या दशकाच्या सुरुवातीची. फ्रान्सिस झेवियरचा पाय गोव्याला लागला तोही १५४२ सालीच. तिथे मलबारपासून मलाक्कापर्यंतची मुलं लॅटिन शिकत होती. १५५६च्या सप्टेंबरात या कॉलेजात छापखाना येऊन पोचला. खरं म्हणजे तो निघाला होता ॲबिसिनियाला; तिकडे जाणं लांबलं आणि तो गोव्यातच राहिला. भारतात यंत्रावर छापलेला पहिला कागद याच छापखान्यातून बाहेर पडला. अनेकांची समजूत अशी की तो धर्मोपदेशाचा असणार. प्रत्यक्षात तो होता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जाहीर वादासाठी मांडलेल्या विधानांचा. भारतातल्या मुद्रणाचा आरंभ असा कॉलेजच्या वादसभेच्या पत्रकाने झाला. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही.

या विद्येला दुसरी बाजूही होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच दशकांत गोव्यात देवळं पाडली जात होती. १५६० साली धर्मश्रद्धेची चौकशी करणारं इन्क्विझिशनचं न्यायपीठ बसलं. हिंदू घरांतल्या पोथ्या जप्त होत होत्या. त्यांतल्या काही कॉलेजात आणून बाटलेल्या जाणकारांकडून वाचून घेतल्या गेल्या, आणि उद्देश एकच, खंडन करण्याचा. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातल्या कथांची रोमन लिपीत उतरवलेली मराठी-कोकणी हस्तलिखितं आहेत, ती याच उद्योगाची शिल्लक. ज्यांनी पोथ्या हिसकावल्या त्यांच्याच दप्तरात त्या वाचल्या, हा इतिहासाचा विचित्र न्याय.

त्या वातावरणात १५७९च्या ऑक्टोबरात एक इंग्रज गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स, जन्म १५४९चा, विल्टशायर परगण्यातला. विंचेस्टरला शिकलेला आणि रोममध्ये येशूसंघात दाखल झालेला. पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तो इथेच राहिला, बहुतेक काळ गोव्यातल्या साष्टीत. आल्यावर त्याने वडिलांना लिहिलेलं प्रवासवर्णनाचं पत्र इंग्लंडात छापलं गेलं. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याची नोंद केली. संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या नात्यावर विल्यम जोन्सने कलकत्त्यात भाषण केलं ते याच्या दोनशे वर्षांनंतर. व्याकरणाच्या वर्गात वाक्य सोडवायला शिकलेल्या माणसाचा कान होता तो. त्याने कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या पश्चात, १६४० साली, राशोलच्या छापखान्यात छापलं गेलं.

पण मराठी वाचकाला स्टीफन्स माहीत आहे तो ‘क्रिस्तपुराणा’मुळे. १६१६ साली राशोलला छापलेला हा ग्रंथ. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर (अध्याय), दुसऱ्याचे ५९, आणि ओव्या एकूण १०,९६२. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून घरोघरी पोचल्या. बाकीचं पुराण मात्र फारसं कुणी उघडत नाही. उघडलं की रचना लक्षात येते. साष्टीत शिकवण चालू असताना श्रोत्यांतला एक जण पाद्रीला विचारतो की आम्हाला आमची पुराणं वाचायला मनाई केलीत, मग आमच्या भाषेत तुमचं एखादं पुराण का देत नाही? तिथून कथा सुरू होते, आणि मधेमधे श्रोते शंका काढत राहतात. आदम-हव्वेला देवाने फळ खाऊच का दिलं, अशा प्रकारच्या शंकांना पाद्री शांतपणे उत्तर देतो. पुराणातली वक्ता-श्रोत्याची जुनी रीत आणि जेझुइट वर्गातला वाद इथे एकाच ओवीत नांदतात. कॉलेजात लॅटिनमध्ये मिळालेलं शिक्षण मराठीत उतरलं ते असं, कॉलेजच्या बाहेर, चर्चच्या ओसरीवर.

१६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मूळ छापील प्रत आज जगात कुठेही सापडत नाही. हातांनी नकललेल्या पोथ्यांमुळे ग्रंथ तगला. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला. देवनागरीत सबंध ‘क्रिस्तपुराण’ पुण्यात शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने निघालं ते १९५६मध्ये, म्हणजे मूळ ग्रंथानंतर ३४० वर्षांनी.

मधल्या काळात वाट तुटली होती. १६८४ साली व्हॉइसरॉय कोंद द आल्व्होरने हुकूम काढला की गोंयकारांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पाद्र्यांनी देशी भाषा शिकण्याची निकडच संपली. १७५९ साली पोर्तुगालने आपल्या मुलखातून जेझुइटांनाच घालवून दिलं आणि १७७३ला पोपने सगळा संघ बरखास्त केला. रोगराईने ओस पडत गेलेल्या सेंट पॉल कॉलेजची जुन्या गोव्यात आज एक कमान तेवढी उभी आहे.

संघ पुन्हा उभा राहिला १८१४ साली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई-पुण्याचं काम जर्मन भाषक जेझुइटांकडे आलं आणि १८६९ला त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केलं. नंतर जर्मन चान्सलर बिस्मार्कने त्यांना नकळत मोठी मदत केली. १८७२ साली त्याने कायदा करून जेझुइटांना जर्मन साम्राज्यातून हद्दपार केलं. घरी ज्यांना शिकवायची बंदी, असे विद्वान बाहेरच्या देशांत निघाले, आणि त्यांतले कित्येक मुंबईच्या किनाऱ्याला लागले. धोबीतलावाजवळचं कॉलेज वाढलं त्यात या हद्दपारीचा वाटा होता.

मात्र ‘रातिओ’ आता चालणार नव्हता. जॉन हेन्री न्यूमनने १८५२ साली डब्लिनमध्ये विद्यापीठ म्हणजे काय यावर व्याख्यानं दिली. विद्या ही विद्येसाठी, आणि धर्मशास्त्राला बाहेर ठेवलं तर ज्ञानाचं वर्तुळ अपुरं, हा त्यांचा आशय. पाचच वर्षांनी स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारं होतं. पेपर कोणते, पुस्तकं कोणती, हे सगळं विद्यापीठ ठरवी. झेवियर्सच्या पाद्र्यांपुढे पारशी, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती मुलं बसत, आणि सगळ्यांना तीच परीक्षा द्यायची असे जी डेक्कन कॉलेजातल्या बापटांनी दिली. लॅटिनला जागा होती, संस्कृतला होती, फारसीला होती. मराठीला विद्यापीठाने वरच्या परीक्षांमधून आरंभीच बाजूला सारलं होतं. ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तेव्हा मराठी हद्दीतल्या कॅथलिक कॉलेजात मराठी मागच्या बाकावर बसली याचा सगळा दोष पाद्र्यांवर टाकता येत नाही. पण त्यांनी तिला पुढं आणण्याचा फार आग्रह धरला असंही नाही.

त्या चौकटीत राहून झेवियर्सने जे केलं ते मोठंच होतं. स्वित्झर्लंडचे एथेलबर्ट ब्लॅटर वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्या नावाचं ब्लॅटर हर्बेरियम आजही कॉलेजात आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं दप्तर. जाड कागदावर दाबून वाळवलेली फांदी, पान-फूल दिसेल अशी चिकटवलेली, आणि कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली. पन्नास-शंभर वर्षांनी एखाद्या डोंगरावर काय उगवत होतं हे बघायचं तर ती चिठ्ठीच साक्षीदार. ब्लॅटरनंतर स्पेनचे एर्मेनेखिल्द सांतापाव आले. सह्याद्रीच्या डोंगरांत वर्षानुवर्षं हिंडून त्यांनी १९५३ साली खंडाळ्याची वनस्पतिसूची छापली, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं प्रमुखपद सांभाळलं, आणि १९६७ला पद्मश्रीचे मानकरी झाले. जेझुइट कॉलेजात देवाची सृष्टी वाचणं हाही अभ्यासाचा भाग होता. सांतापावांनी ती वाचली ती पाऊसपाण्यात भिजून, पानापानाने.

इतिहासाच्या वर्गात बार्सिलोनाचे एन्रिक एरास आले, मराठीत फादर हेरास म्हणून ओळखले जाणारे. १९२२ला ते मुंबईत पोचले. प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवणार? भारताचा. भारताच्या इतिहासाचं काय ठाऊक आहे? काहीच नाही, शिकेन. असा किस्सा कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. चारच वर्षांत, १९२६ला, त्यांनी भारतीय इतिहास संशोधन मंदिर सुरू केलं. पुढे त्यालाच हेरास इन्स्टिट्यूट म्हणू लागले. विजयनगरच्या आरविडू घराण्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२७चा. सिंधू संस्कृतीची लिपी वाचल्याचा त्यांचा दावा विद्वानांनी पुढे मान्य केला नाही. तरी दगड, नाणी आणि मूळ कागदपत्रं बघून इतिहास लिहायचा, ही शिस्त त्यांनी मुंबईच्या विद्यार्थ्यांना लावली. ख्रिस्ती चित्रं भारतीय शैलीत काढावीत म्हणून गोव्याच्या आंजेलो द फोन्सेकांना त्यांनी पाठबळ दिलं. फोन्सेकांची मारिया नऊवारी नेसते. तीही पुढे पुण्यात राहूनच रंगवली गेली.

हे सगळं मुंबईला. नगरकडे काय होतं?

नगरला जेझुइट पोचले तेव्हा शेतात दुसऱ्याचं पीक उभं होतं. अमेरिकन मराठी मिशन १८३०च्या दशकापासून नगरमध्ये होतं. पारनेर-शिरूरच्या बाजूलाही त्यांचीच चर्चेस आणि शाळा. १८४२ साली त्यांनी नगरमध्ये ‘ज्ञानोदय’ काढला. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगरमध्येच रुजवली. रेव्हरंड ना. वा. टिळक इथेच राहिले, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तलं बरंचसं नगर त्याच मिशनच्या आवारातलं. या परंपरेतून पुढे १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभं केलं. हिवाळे हार्वर्डला शिकलेले, आणि अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजचा नमुना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. पारनेरच्या मुलाला पुणे गाठल्याशिवाय कॉलेज मिळत नव्हतं, ते दिवस त्या वर्षी संपले. म्हणजे नगर जिल्ह्याला व्यापक विद्येचं ख्रिस्ती कॉलेज मिळालं ते प्रॉटेस्टंटांकडून.

जेझुइटांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीपासून जिल्ह्याच्या उत्तरेला पाय रोवले: केंदळ, वळण, संगमनेर, राहाता. दुष्काळाची ती वर्षं. चर्चमध्ये आले ते बहुतेक महार आणि मांग वस्तीतले लोक. गावच्या शाळेत ज्यांच्या मुलांना ओट्याखाली बसवत, त्यांच्यासाठी मिशनने वस्तीतच शाळा काढल्या. लॅटिन व्याकरणापासून तत्त्वज्ञानापर्यंत चौदा-पंधरा वर्षं शिकलेला जर्मन माणूस इथे घोड्यावर बसून गावोगाव फिरे, आणि त्याच्या हाताखाली एक मास्तर असे. हा मास्तर म्हणजे सगळंच: शाळा घेणारा, रविवारी प्रार्थना म्हणून घेणारा, बाळाचा बाप्तिस्मा आणि म्हाताऱ्याचं दुखणं फादरच्या कानावर घालणारा, कोर्टकचेरीचा कागद वाचून दाखवणारा. स्वतः जेमतेम शिकलेला. जेझुइट विद्येची सारी उतरंड नगरला आली तेव्हा तिच्या तळाशी हा मास्तर होता, आणि गावाच्या दृष्टीने वरच्या टोकालाही तोच.

केंदळला मासिकाची गरज इथे दिसते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये; गावकरी उत्तरं पाठ करून म्हणत, अर्थ कळो न कळो. मास्तराकडे एखादं प्रार्थनापुस्तक असलं तर नशीब. गावं विखुरलेली आणि पावसाळ्यात रस्ते बंद. महिन्याला एक अंक मास्तरच्या हाती पडला की तो ओट्यावर बसून वाची, आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं ते ऐकत. झेवियर्सच्या वर्गात प्राध्यापक उतारा मोठ्याने वाचून अर्थ सांगे. नगरच्या वस्तीत तेच काम मास्तर करू लागला, आणि तेही मराठीतून.

डोरिंग १९०७ला पुण्याचे बिशप झाले. १९१४ला महायुद्ध पेटलं आणि जर्मन माणूस ब्रिटिश हिंदुस्थानात शत्रू ठरला. देशभरच्या जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांना कोंडण्याची मोठी छावणी सरकारने उघडली ती नेमकी नगरला. बहुतेक जर्मन जेझुइटांना देश सोडावा लागला. झेवियर्स सावरायला इंग्लंडहून आल्बन गुडियर आले, १९१९ साली तेच मुंबईचे आर्चबिशप झाले. नंतर स्पॅनिश जेझुइटांनी मुंबई सांभाळली. पुण्या-नगरची बाजू पुढे स्विसांकडे गेली. डोरिंगना तर पोपने १९२१ साली थेट जपानला, हिरोशिमाला पाठवलं. १९२७ला ते पुण्याला परतले. माणसं उखडली गेली, पण ‘निरोप्या’ चालत राहिला. कॉलेजला प्राध्यापक लागतात. मासिकाला एखादा संपादक आणि वर्गणीदार असले की पुरतं.

पारनेरहून पुण्याला जाताना सुप्याला मोठा रस्ता लागतो. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली, आणि शहराच्या वेशीपाशी रामवाडी. याच नगर रोडवर १९५५ साली एक आख्खी संस्था श्रीलंकेतून उचलून आणली गेली. पोप तेराव्या लिओंनी १८९३ साली कँडीला पेपल सेमिनरी काढली होती, भारताचे पाद्री भारताच्याच लेकरांतून घडावेत म्हणून. स्वातंत्र्यानंतर ती पुण्याला आली. तिच्याभोवती वाढलेलं ज्ञानदीप विद्यापीठ आज देशभरच्या भावी पाद्र्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवतं. शेजारचं जेझुइटांचं वसतिगृह-कॉलेज दे नोबिली यांच्या नावाचं, सतराव्या शतकात मदुराईला संन्याशाच्या वेशात राहून तमिळ शिकलेल्या जेझुइटाचं.

दोन तुटलेल्या वाटा जवळ आल्या त्या या पुण्यात. ग. अ. डल्यूरी या फ्रेंच जेझुइटाने वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट तुडवली आणि विठ्ठलाच्या उपासनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो छापला १९६० साली डेक्कन कॉलेजने. बापटांच्या काळातलं पदवी कॉलेज १९३४ला बंद पडून १९३९ला संशोधन संस्था म्हणून उघडलं होतं. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेडर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन थाटलं. पेठेत, वाड्यांच्या गर्दीत, ब्राह्मणी पुण्याच्या ऐन मध्यात. आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारावरचं त्यांचं पुस्तक १९७६ला आलं. लोकहितवादी, रानडे, आगरकर, लोकमान्य टिळक हे त्यांना चर्चच्या विरोधकांच्या नजरेने नव्हे, तर्काच्या वर्गातल्या समोरच्या तटाच्या आदराने वाचायचे होते. त्याआधीच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लॅटिनचा आग्रह सोडला आणि केंदळ-हरेगावच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत सुरू झाली. स्टीफन्सने साष्टीत जे केलं होतं त्याला रोमची मोहर लागायला साडेतीनशे वर्षं गेली.

नगरमध्ये एक स्विस जेझुइट मात्र पुस्तकांपासून दूर चालला होता. हर्मन बाकर १९४८ला भारतात आले आणि आयुष्य नगर जिल्ह्यात काढलं. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा: पाऊस पडतो आणि वाहून जातो. १९७३ साली येशूसंघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांना सुनावलं की आमच्या शाळांनी इतरांसाठी जगणारी माणसं घडवायला हवी होती, ती पुरेशी घडवली नाहीत. (हेच आरुपे १९४५च्या ऑगस्टात हिरोशिमाच्या वेशीवर होते, जखमींवर उपचार करत.) बाकरांनी ते ऐकण्याआधीच विहिरी आणि बांधबंदिस्तीचं काम हाती घेतलं होतं. पुढे त्यातून भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ला क्रिस्पिनो लोबोंसोबत वॉटर ही संस्था उभी राहिली. गावाने आधी एकमत करायचं, चराई आणि कुऱ्हाड बंद करायची, श्रमदान द्यायचं, मगच पैसा. पारनेर तालुक्याला ही भाषा नवी नव्हती. १९७५ला गावी परतलेल्या अण्णा हजारे यांच्या राळेगणसिद्धीने नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री तोवर अंगवळणी पाडली होती. एकाची प्रेरणा विवेकानंदांची, दुसऱ्याची येशूसंघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसची. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणायची रीत एकच.

आज पारनेरमध्येच कला, वाणिज्य आणि विज्ञान शिकवणारं कॉलेज आहे, अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचं. तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्याबद्दलची एक मोठी सामग्री हात न लागलेली मिळेल. जर्मन जेझुइट घरी पत्रं लिहीत आणि ती फ्रायबुर्गच्या ‘दि काथोलिशेन मिसिओनेन’ या १८७३ साली सुरू झालेल्या मासिकात छापली जात. मुंबईचं ‘एक्झामिनर’ साप्ताहिक १८५०पासूनचं. त्याचे संपादक अर्नेस्ट हल यांनी मुंबई मिशनचा दोन खंडी इतिहास लिहिला. त्या मजकुरात दुष्काळ, पटकी आणि प्लेग आहेत, वस्तीतल्या शाळा आणि मास्तरांचे पगार आहेत, पाटलाशी झालेली भांडणं आहेत. ही पत्रं पाद्र्यांच्या नजरेतून आहेत, म्हणून पारखून घ्यावी लागतील. पण सरकारी गॅझेटिअर आणि ‘ज्ञानोदय’ यांच्या शेजारी ठेवली तर तिसरी बाजू मिळते. अडचण एवढीच की त्यातली बरीच पत्रं जर्मनमध्ये आहेत. पुण्यात जर्मन शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत, आणि तिथे जाणारी नगरकडची मुलं सध्या बहुतेक करून मोटारीच्या कारखान्यांच्या नोकरीसाठी ती भाषा शिकतात.